डोमेनच्या सातबाऱ्यावर नाव कोणाचं?

आजचा विषय तसा लहान वाटतो. नवीन वेबसाइट काढायची, तर तिचं नाव कसं ठरवायचं आणि नोंदवायचं कसं. तुम्ही म्हणाल, यात व्याख्यान देण्यासारखं काय आहे? नाव सुचलं, मोबाइलवर शोधलं, पैसे भरले, दहा मिनिटांत काम झालं. खरं आहे, दहा मिनिटांत होतं. पण गावाकडे जमीन घेताना आपण माती बघतो, रस्ता बघतो, पाणी बघतो आणि मग एक प्रश्न विचारतोच: सातबाऱ्यावर नाव कोणाचं आहे? डोमेन घेताना हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. पुढचा बराचसा त्रास तिथूनच सुरू होतो.

आधी डोमेन म्हणजे काय ते बघू. इंटरनेटवरच्या यंत्रांना एकमेकांचे क्रमांक कळतात, नावं नाही. नावं आपल्या सोयीसाठी. सुरुवातीच्या काळात कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एक फाइल ठेवलेली असायची. तिच्यात सगळ्या संगणकांची नावं आणि क्रमांक, आणि बाकीच्यांनी तिची प्रत उतरवून घ्यायची. संगणक वाढले तशी ती यादी कोणाला आवरेना. मग १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिमचा आराखडा मांडला. कल्पना साधी होती. सगळी यादी एकाकडे ठेवायची नाही, जबाबदारी वाटून द्यायची. जिल्ह्याने तालुके सांभाळायचे, तालुक्याने गावं.

म्हणून डोमेनचं नाव उजवीकडून डावीकडे वाचायची सवय लावा. पाकिटावर शेवटी जिल्हा असतो ना, तसं. शेवटी ‘डॉट इन’ असेल तर तो भारताचा विभाग. त्याच्या डावीकडे जे असेल ते त्यातलं नाव. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’वर जायला सांगितलं, ३१ ऑक्टोबरपर्यंतची मुदत दिली. का? तर हा विभाग फक्त बँकांनाच मिळतो. पत्त्याच्या शेवटी तो दिसला तर बँक खरी. पण ‘बँक’ हा शब्द पत्त्यात आणखी डावीकडे कुठेतरी घुसवलेला असेल, तर त्याला काही अर्थ नाही. तो कोणीही घुसवू शकतो.

आता या व्यवहारात तीन पक्ष असतात, ते नीट लक्षात ठेवा. पहिली रजिस्ट्री, म्हणजे मूळ दप्तर. ‘डॉट कॉम’चं दप्तर व्हेरिसाइन ही अमेरिकन कंपनी सांभाळते. ‘डॉट इन’चं आपली निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया. दुसरा रजिस्ट्रार. आपण पैसे भरतो ते याच्याकडे, आणि तो आपली नोंद दप्तरात घालतो. तिसरा नोंदणीधारक. तो तुम्ही असायला हवं. नुसतं असायला हवं नाही, तसं लिहिलेलं असायला हवं.

आणि होस्टिंग ही वेगळीच गोष्ट आहे. होस्टिंग म्हणजे दुकानाचा गाळा, डोमेन म्हणजे दुकानावरची पाटी. गाळा बदलला तरी पाटी काढून नव्या गाळ्यावर लावता येते. पाटी मात्र तुमची हवी.

नाव निवडायचं कसं, त्याकडे येतो. समजा, एक महिला बचत गट आहे. पापड, कुरडया, सांडगे करून विकतो. त्यांना ‘वाळवण’ हे नाव सुचलं. मराठीत किती छान नाव! पण पत्ता इंग्रजी अक्षरांत लिहायचा झाला की प्रश्न सुरू. व साठी व्ही की डब्ल्यू? आ साठी एक ए की दोन? आणि ळ ला तर रोमन लिपीत स्वतंत्र अक्षरच नाही. चार गिऱ्हाईकं चार प्रकारे लिहिणार आणि त्यातली तीन दुसरीकडेच पोहोचणार. म्हणून माझी एक सोपी परीक्षा आहे. नाव फोनवर सांगायचं, एकदाच, स्पेलिंग न सांगता. समोरच्या मावशींनी ते बरोबर टाइप केलं तर नाव पास. आडवी रेघ, आकडे, मुद्दाम वाकडं केलेलं स्पेलिंग, हे सगळं या परीक्षेत नापास होतं.

मग देवनागरीतच का नको? घेता येतं की. ‘डॉट भारत’ २०१४ पासून देवनागरीत मिळतं. फक्त आतली गोष्ट समजून घ्या. यंत्रणा त्या देवनागरी नावाचं ‘एक्स एन’ आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांत रूपांतर करते. ब्राउझरला ते कळतं, पण देवनागरीतला ईमेल पत्ता अजून सगळीकडे स्वीकारला जात नाही. तेव्हा अभिमानाने घ्या, पण जोडीला एक रोमन नाव ठेवा आणि दोन्ही एकाच वेबसाइटकडे वळवा.

शेपूट कोणतं घ्यायचं? गिऱ्हाईक इथलंच असेल तर ‘डॉट इन’ पुरेसं आहे. परदेशातही विकायचं असेल तर ‘डॉट कॉम’. आणि दोन अक्षरी शेपूट दिसलं की ते कुठल्या तरी देशाचं किंवा प्रदेशाचं असतं, हे विसरू नका. ‘डॉट एआय’ म्हणजे अँग्विला नावाचं कॅरिबियन बेट. तिथले नियम आणि दर ते लोक ठरवतात.

दुसऱ्याच्या प्रसिद्ध नावाजवळ जाऊ नका. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे रेडिफचं प्रकरण आलं होतं. कोणीतरी त्यांच्या नावात ई च्या जागी ए घालून डोमेन घेतलं होतं. न्यायालयाने मनाई हुकूम दिला. डोमेन म्हणजे नुसता पत्ता नाही, व्यापारचिन्हासारखंच त्याला संरक्षण मिळायला हवं, अशी भूमिका घेतली. पुढे २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सिफीच्या खटल्यात हीच दिशा कायम ठेवली. म्हणून पैसे भरण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर एकदा शोधून बघा. फुकट आहे.

आता नोंदणी. इथे सातबारा येतो. आपल्याकडे काय होतं? वाचनालय असो, मंडळ असो, छोटा कारखाना असो, कोणीतरी म्हणतं, आमचा भाचा कॉम्प्युटरचं करतो. भाचा गुणी असतो, मनापासून काम करतो. पण खातं त्याचं, ईमेल त्याचा, मोबाइल त्याचा, कार्डही त्याचंच. तीन वर्षांनी तो नोकरीला परदेशी जातो, नंबर बदलतो. मुदत संपल्याची सूचना जुन्या ईमेलवर येऊन पडते. भाच्याने फसवलं असं नाही. दप्तरात मालक तोच होता, एवढंच. तेव्हा काम कोणालाही सांगा, पण नोंदणीधारक म्हणून संस्थेचं नाव घाला आणि खात्याचा पासवर्ड संस्थेच्या दोन पदाधिकाऱ्यांकडे ठेवा.

आणखी एक बारीक गोष्ट. त्या खात्याला जोडलेला ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका. डोमेन बंद पडलं की तो ईमेलही बंद, आणि ‘तुमचं डोमेन बंद पडलंय’ हे सांगणारं पत्रही येणार नाही. किल्ली आत ठेवून दार ओढून घेण्यासारखं आहे ते. माहितीही खरी द्या. ‘डॉट कॉम’सारख्या नावांना पडताळणीचा ईमेल येतो. पंधरा दिवसांत त्याला उत्तर दिलं नाही तर नाव थांबवलं जाऊ शकतं.

(श्रोत्यांमधून प्रश्न: एकदाच पैसे भरून नाव कायमचं घेता येत नाही का?)

नाही, बाई. चांगला प्रश्न विचारलात. आपण ‘विकत घेतलं’ म्हणतो, पण तो भाडेपट्टा असतो. ‘डॉट कॉम’ असो की ‘डॉट इन’, एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचा. पहिल्या वर्षाचा स्वस्त दर जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो. नूतनीकरणाचा दर बारीक अक्षरात असतो, तोच वाचायचा. मुदत चुकली तर? ‘डॉट कॉम’मध्ये साधारण असं होतं. रजिस्ट्रारनुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांची सवलत मिळू शकते. मग ३० दिवसांचा काळ, त्यात दंड भरून नाव परत घेता येतं. मग पाच दिवस कोणालाच काही करता येत नाही. त्यानंतर ते नाव जगात कोणालाही खुलं. आणि काही रजिस्ट्रार त्याआधीच लिलावही करतात.

मोठ्यांचंही चुकतं. १९९९ च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्ट पासपोर्ट डॉट कॉमचं नूतनीकरण करायला विसरली. ऐन नाताळात हॉटमेलच्या अनेकांना खातं उघडता येईना. शेवटी एका प्रोग्रामरने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरले, तेव्हा गाडी रुळावर आली. भला माणूस भेटला. नेहमी भेटेलच असं नाही. सोडून दिलेल्या नावांवर टपून बसलेले लोक असतात. शाळेचं नाव सुटतं आणि पालक जुन्या पत्त्यावर जातात तर तिथे जुगाराची जाहिरात.

तेव्हा आज घरी गेलात की एवढं करा. ज्यांची वेबसाइट आहे त्यांनी रजिस्ट्रारच्या खात्यात जाऊन तीन गोष्टी एका कागदावर उतरवा: नोंदणीधारकाचं नाव, जोडलेला ईमेल आणि मुदतीची तारीख. खात्याला मोबाइलवरच्या ओटीपीचं दुसरं कुलूप लावा, डोमेन दुसरीकडे हलवण्यावरचं लॉक चालू आहे ना ते बघा. आणि तो कागद संस्थेच्या फाइलीत लावा, वीजबिलाच्या पावत्यांशेजारी. ज्यांची वेबसाइट अजून निघायची आहे, त्यांनी नाव सुचल्यावर आधी फोन उचला आणि ते कोणालातरी एकदाच सांगून बघा.