कंपन्यांचे ताळेबंद आणि आपली ठेव



बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, हे आपण जयंतीच्या सभेत अभिमानाने सांगतो. परंतु आपल्या भविष्य निर्वाह निधीचा पैसा कोठे गुंतवला जातो, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी बहुतेक जण गप्प राहतात. म्हणून हा काहीसा रुक्ष विषय आम्ही येथे घेतला आहे.

नोकरदाराची बचत निधी, विमा आणि म्युच्युअल फंड यांच्यामार्फत कंपन्यांच्या कर्जरोख्यांत जाते. रोखे घेणारा कोणी कंपनीची तिजोरी उघडून पाहत नाही. ताळेबंद, लेखापरीक्षकाचा अहवाल आणि पतमानांकन संस्थेने दिलेली श्रेणी, या तीन कागदांवर तो विसंबतो.

हे कागद किती खोटे असू शकतात? हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्सने सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात ५,३६१ कोटी रुपये रोख व बँक शिल्लक दाखवली होती. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनीच पत्राने कबूल केले की, त्यांतले ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. काही महिन्यांपूर्वीच या कंपनीला उत्तम कारभाराचा पुरस्कार जाहीर झाला होता!

कर्जबाजारावर मोठा आघात केला तो मुंबईच्या आयएल अँड एफएस या वित्तसंस्थेने. आयुर्विमा महामंडळ व स्टेट बँक तिचे भागधारक असल्याने तिच्यावर सर्वांचा भरवसा होता. समूहात सुमारे साडेतीनशे कंपन्या आणि कर्ज सुमारे ९१ हजार कोटी! २०१८ च्या उन्हाळ्यापर्यंत तिची श्रेणी सर्वोच्च, म्हणजे 'ट्रिपल ए' होती. सप्टेंबरमध्ये ती थेट 'डी', म्हणजे थकबाकीदार, झाली. थकलेल्या कर्जदारांना नवे कर्ज देऊन जुने फेडलेले दाखवले जात होते, असे तपास यंत्रणेने पुढे न्यायालयात मांडले. आपल्या वस्तीतही एकाचे उसने फेडण्यासाठी दुसऱ्याकडे हात पसरणारा माणूस असतो. बाहेरून तो वेळेवर देणाराच दिसतो.

त्यानंतर बाजारात कोणाचा कोणावर विश्वास उरला नाही. बिगर-बँक वित्तसंस्था तीन-चार महिन्यांच्या मुदतीने पैसे उचलून पंधरा वर्षांची गृहकर्जे देत असत. मुदत संपली की नवे पैसे मिळणारच, हे त्यांनी गृहीत धरले होते. ते मिळणे अवघड झाले. २१ सप्टेंबर २०१८ रोजी डीएचएफएल या गृहवित्त कंपनीचा शेअर एका दिवसात चाळीस टक्क्यांहून अधिक घसरला. ज्यांचे हिशेब चोख होते, त्यांनाही महाग व्याज भरावे लागले. आणि त्याची झळ रिक्षासाठी किंवा छोट्या दुकानासाठी कर्ज मागणाऱ्याला बसली. खोट्या आकड्यांचा दंड असा प्रामाणिक माणसाला पडतो, हे आम्हांस सर्वांत अन्यायाचे वाटते.

तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना केवळ ऐकीव गोष्टीवर वा मोठ्या नावावर विसंबू नका, असे सांगितले. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी ताळेबंद त्याच दृष्टीने वाचावा. नफा वाढतो, पण धंद्यातून प्रत्यक्ष रोकड येते काय? विक्रीपेक्षा येणे रक्कम वेगाने फुगते काय? भरपूर शिल्लक दाखवूनही कंपनी कर्ज का काढते? लेखापरीक्षकाने मध्येच राजीनामा दिला काय? श्रेणीच्या अक्षरांपेक्षा हे प्रश्न अधिक सांगून जातात.

निवृत्त सभासदांसाठी एक गोष्ट. बँकेतील ठेवीला, सहकारी बँक असली तरी, फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेत ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतील वा कंपनीतील ठेवीला तो नाही. डीएचएफएलमध्ये लाखो बनावट गृहकर्ज खाती दाखवल्याचा आरोप सीबीआयने २०२१ मध्ये केला. त्याच वर्षी ती कंपनी पिरामल समूहाकडे गेली, आणि मोठी रक्कम ठेवलेल्या ठेवीदारांना आपले पूर्ण मुद्दलही परत मिळाले नाही.