मोठा पडदा की जास्त पिक्सेल?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी लॅब मीटिंगमध्ये ऐटीत सांगितलं, "लॅपटॉपवर डेटा मावत नाही, भिंतीवर प्रोजेक्टर लावू." गाइडनी एवढंच विचारलं, "पिक्सेल किती वाढतील?" एकही नाही! फुल एचडी लॅपटॉपवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे साधारण २० लाख पिक्सेल. फुल एचडी प्रोजेक्टरवरही तेवढेच. चित्र फुगतं, नवीन काही दिसत नाही.

संशोधनात ‘लार्ज हाय-रिझोल्यूशन डिस्प्ले’ म्हणतात तेव्हा आकार आणि पिक्सेल दोन्ही हवे असतात. व्हर्जिनिया टेकच्या अँड्र्यूज, एंडर्ट आणि नॉर्थ यांचा २०१० चा ‘स्पेस टू थिंक’ हा पेपर जरूर वाचा. त्यांनी ३० इंची आठ मॉनिटर चार-चारच्या दोन ओळींत जोडले. एकूण जवळपास ३ कोटी २७ लाख पिक्सेल. ढीगभर कागदपत्रांतून दडलेला कट शोधायचा, असं काम. लोकांनी कागदपत्रं पडद्यावर पसरली, संबंधित ती जवळजवळ ठेवली आणि हळूहळू जागेलाच अर्थ आला. आजीला कुठल्या डब्यात काय आहे हे लेबल न लावता माहीत असतं ना, तसंच. लहान स्क्रीनवर एका खिडकीखाली दुसरी झाकली जाते, मग लक्षात ठेवण्याचं ओझं डोक्यावर.

दुसरा मुद्दा हालचालीचा. बॉल, नॉर्थ आणि बोमन यांच्या २००७ च्या प्रयोगात पडदा रुंद होत गेला तसं झूम आणि पॅन कमी झालं, लोक मान वळवू लागले, चालू लागले. तपशील हवा तर पुढे जायचं, एकूण चित्र हवं तर मागे सरायचं.

आता खरी गोम. समजा मोठ्या पडद्यावर काम लवकर झालं. कशामुळे? जास्त पिक्सेलमुळे, डोळ्याच्या कडेने जास्त दिसल्यामुळे, की चालल्यामुळे? हे वेगळं केलं नाही तर रिव्ह्यूअर पहिला प्रश्न हाच विचारणार. बॉल आणि नॉर्थ यांनी २००८ मध्ये नेमकी ही फोड केली. हालचालीचा वाटा कडेच्या नजरेपेक्षा जास्त निघाला.

माझ्या प्रयोगात मॉनिटर तेच, पिक्सेलची दाटी तीच, फक्त रुंदी बदलते. लोकांना चाकांची खुर्ची द्यायची की उभं ठेवायचं, यावर मात्र गाइडशी अजून वाद चालू आहे.