गाडीवरचे जुने पट्टे काढताना रंग सांभाळा



उसाचे बिल हाती आले, की आपल्यापैकी पुष्कळजण जुनी जीप, मोटार नाहीतर ट्रॅक्टर घेतात. गाडी चांगली असते. पण अंगावर आधीच्या मालकाचे नाव, उन्हाने तडकलेले पट्टे, अर्धवट फाटलेली चित्रे तशीच असतात. मग कुणीतरी पाते घेऊन खरवडायला बसतो. ओरखडा पत्र्यापर्यंत गेला, की तिथे गंज धरतो आणि फुकटात होणारे काम रंगाऱ्याच्या दारात जाते. म्हणून ही माहिती.

पट्टा म्हणजे प्लॅस्टिकचा पातळ कागद व त्यामागचा चिकट थर. नव्या पट्ट्यात मऊपणा असतो. वर्षानुवर्षे ऊन खाऊन तो निघून जातो व पट्टा पापडासारखा मोडतो. खालचा डिंक मात्र ऊब लागली की मऊ होतो. सगळी युक्ती या उबेत आहे.

आधी पट्ट्याच्या कडेवरून नख फिरवावे. कड नखाला लागली तर पट्टा वरून चिकटवलेला आहे, तो निघेल. कड लागलीच नाही तर चित्र पारदर्शक रंगाच्या थराखाली आहे. मोटारसायकलच्या टाकीवर असे पुष्कळदा असते. त्याच्या नादी लागू नये.

काढण्याची रीत अशी :

१) गाडी साबणाच्या पाण्याने धुवावी. धूळ राहिली तर तीच पॉलिशपेपरसारखी घासते.

२) गाडी सावलीत घ्यावी. केस वाळवायच्या यंत्राने, नाहीतर गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने वीतभर भाग शेकावा. हाताला सोसेल इतकीच ऊब पुरे. जास्त तापवले तर पट्टा ताणून तुटतो, रंगही फुगतो.

३) कोपरा नखाने उचलावा आणि पट्टा मागे दुमडून, पत्र्यालगत, हळूहळू ओढावा. सरळ वर हिसका देऊ नये; गॅरेजात पुन्हा मारलेला रंग असेल तर पट्ट्याबरोबर त्याचीही साल निघते.

४) तुकडे पडू लागले तर प्लॅस्टिकची पट्टी वापरावी. लोखंडी पाते, तारेची घासणी नकोच.

५) उरलेल्या डिंकावर टर्पेंटाईन किंवा रॉकेलचा बोळा दोन-चार मिनिटे ठेवून पुसावे. आधी दाराच्या आतल्या बाजूला थेंब लावून बघावे. फडक्याला रंग लागला तर थांबावे. थिनर वापरू नये, तो पुन्हा मारलेला रंग विरघळवतो. पेट्रोल तर नकोच नको. त्याच्या वाफेला ठिणगी पुरते. यावेळी विडी-सिगारेट लांब ठेवावी.

६) शेवटी साबणाने धुऊन तेलकटपणा काढावा.

एवढे करूनही पट्ट्याची सावली दिसते. ती घाण नव्हे. पट्ट्याखालचा रंग झाकलेला राहिला आणि भोवतालचा उन्हाने विटला, एवढाच तो फरक. रबिंग कंपाउंड मऊ फडक्यावर घेऊन भोवतालचा विटका थर हलक्या हाताने घासला, वर मेण लावले, की फरक कमी होतो. फार जुनी सावली पूर्ण जाईलच असे नाही. घासत बसून रंग उघडा पाडू नका.

आता महत्त्वाचे. उसाच्या ट्रॉलीवरच्या चमकत्या पट्ट्या शोभेच्या नव्हेत. आपण तिला रेडियम म्हणतो, पण तिच्यात रेडियम नसते. काचेचे बारीक मणी किंवा प्लॅस्टिकचे पैलू असतात. दिव्याचा उजेड ते आला तिकडेच परत पाठवतात. रात्री वाटेत उभी राहिलेली ट्रॉली मागच्याला दिसते ती त्यामुळे. चिखलाने माखलेली किंवा फाटलेली पट्टी काही कामाची नाही. ती वरच्याच रीतीने काढा, जागा धुऊन पूर्ण कोरडी करा आणि त्याच दिवशी मागे लाल पट्टी लावा. जुन्या पट्टीवर किंवा तेलकट पत्र्यावर नवी टिकत नाही.

गाडीवरचे नाव काढायला आठवडा लागला तरी चालेल. ट्रॉली मात्र बिनपट्टीची एक रात्रही रस्त्यावर नेऊ नका.