अर्ध्या गाडीची बेडरूम

छोटी फोर बाय फोर घेतलीत? मस्त! पण रात्री झोपणार कुठे आणि सामान ठेवणार कुठे? एक प्लायवूडची शीट, एक हट्टी सुतारकाका आणि थोडं गणित, एवढ्यावर जमलेल्या सेटअपची ही गोष्ट.

मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला, काजव्यांच्या सीझनमध्ये, भंडारदऱ्याला शनिवारची खोली मिळवून दाखवा. मिळालीच तर तिचा रेट ऐकून शांत राहून दाखवा! आमच्या पिढीचा वीकएंड हा असा असतो. शुक्रवारी रात्री लॅपटॉप बंद करायचा आणि शनिवारी सकाळी कळतं की, आपल्यासारखाच विचार अख्ख्या पुण्या-मुंबईने केलाय. म्हणूनच ऑफ-रोडर घेणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एक छुपं स्वप्न असतं. हॉटेल गेलं उडत, आपण गाडीतच झोपू.

स्वप्न झकास आहे. फक्त ते बघताना कोणी टेप घेऊन मोजमाप करत नाही.

आमच्याकडे आहे पाच दारांची जिमनी. मारुतीने ती जानेवारी २०२३ च्या ऑटो एक्स्पोत दाखवली आणि जूनमध्ये विकायला काढली. लांबी ३,९८५ मिलिमीटर, रुंदी १,६४५ आणि उंची १,७२०. म्हणजे बाईसाहेब रुंदीपेक्षा उंचीने जास्त! सगळ्या सीट्स उभ्या असताना मागे २०८ लिटरची डिकी. दोन केबिन बॅगा, एक चप्पलची पिशवी आणि आईने दिलेला लाडवांचा डबा. संपली डिकी. मागच्या सीट्स पाडल्या की हा आकडा ३३२ वर जातो, पण पाडलेल्या सीट्स आणि डिकीची जमीन एका लेव्हलला येत नाहीत. मध्ये चांगली पायरी राहते. तिच्यावर झोपून बघा, कंबर सकाळी रीतसर तक्रार नोंदवते.

यावर कंपनीने एक उपाय दिलेला आहे. पुढच्या सीट्सच्या पाठी जवळजवळ आडव्या होतात. हेडरेस्ट काढायचे, सीट पुढे घ्यायची, पाठ पाडायची, ती मागच्या सीटला जाऊन टेकते. खोलगट जागांमध्ये चादरीच्या गुंडाळ्या कोंबल्या की झाला पलंग, तोही फुकट. एखाद्या रात्रीपुरता चालतोही. मला मात्र तो पटला नाही, आणि त्याचं कारण कंबर नव्हे.

मी फ्रीलान्सर. अर्ध्या वेळा नवरा सोबत असतो, अर्ध्या वेळा मी एकटी असते. एखाद्या किल्ल्याच्या पायथ्याच्या गावात किंवा हायवेवरच्या चोवीस तास चालू असलेल्या पेट्रोलपंपावर रात्री दोन वाजता काचेवर टकटक झाली, तर मला दोन गोष्टी करता आल्या पाहिजेत. गाडीतून न उतरता ड्रायव्हरच्या सीटवर बसणं आणि स्टार्टर मारून निघून जाणं. ड्रायव्हरची सीटच जर माझा पलंग असेल, तर आधी चादरी काढा, पाठ उभी करा, हेडरेस्ट शोधा... तोपर्यंत टकटक करणारा चहा पिऊन परत येईल. म्हणून सेटअपची पहिली अट ठरली की ड्रायव्हरच्या सीटला हात लावायचा नाही. पलंग फक्त गाडीच्या डाव्या अर्ध्या भागात.

अर्धी गाडी म्हणजे फारच अरुंद, असं वाटेल. पण ज्याने आयुष्यात एकदा तरी साइड लोअर बर्थवर रात्र काढली आहे, त्याला या रुंदीचं काही वाटत नाही. लांबीचं मात्र बघावं लागतं. डावी मागची सीट पाडून, पुढची डावी सीट पूर्ण पुढे सरकवून माझे पाय सरळ होतात. मी पाच फूट तीन इंच आहे. सहा फुटी मंडळींनी प्लायवूड आणण्याआधी गाडीत नुसती चटई टाकून पंधरा मिनिटं पडून बघावं. लाजू नका, पार्किंगमधले वॉचमन याहून विचित्र गोष्टी बघतात. आणि फळीवर बसल्यावर डोकं छताला लागणार नाही ना, हेही तेव्हाच बघा. घरी जमिनीवर भिंतीला टेकून बसायचं, डोक्यापर्यंतची उंची मोजायची, त्यात गादीची जाडी मिळवायची. ही उंची फळीच्या वर मिळालीच पाहिजे, नाहीतर कपडे बदलणं ही योगासनं होतात.

दुसरी अट आईने घातली. ‘अगं, सोमवारी गुडघ्याच्या डॉक्टरकडे जायचंय, मी काय त्या फळीवर आडवी होऊन येऊ?’ मुद्दा बरोबर होता. ही गाडी शनिवारी कॅम्प असली तरी सोमवारी घरची गाडी आहे, आणि तिचा हप्ता दोन्ही दिवसांसाठी जातो. शिवाय कायद्याचीही भानगड आहे. मागच्या सीट्स कायमच्या काढून टाकायचा सल्ला सर्रास मिळतो. पण मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनमानी बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की, आरसीमधला तपशील कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा होईल असा बदल चालणार नाही. जिमनीच्या आरसीवर चार सीट्स आहेत, तर गाडीतही चारच राहिल्या पाहिजेत. नाहीतर उद्या क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाल्यांच्या हातात आपणच कारण ठेवतो. सीट काढणं हा बदल, पट्ट्याने बांधलेला लाकडी बॉक्स हे सामान. आमचा सगळा सेटअप या फरकावर उभा आहे.

आता सुतारकाका. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून प्लाय आणायचं ठरलं, तेव्हा काकांनी फर्मान सोडलं, ‘अठरा एमएम घ्या ताई. पलंग आहे, मोडायला नको.’ मी म्हटलं बारा. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी वरण बिनडाळीचं मागितलंय. मग मी वहीत हिशेब मांडला. आठ बाय चारची अठरा एमएमची शीट साधारण ३७ किलो भरते, बारा एमएमची २५. घरात हा फरक कोण विचारतो? पण जिमनीचं स्वतःचं वजन ऑटोमॅटिकमध्ये सुमारे १,२१० किलो आणि सगळं धरून कमाल परवानगी १,५४५. उरले जेमतेम ३३५. त्यात दोन माणसं, वीस लिटर पाणी, तंबू, स्टोव्ह, कपडे, टो-रोप, हवेचा पंप घाला. चार मोठी माणसं बसली की तर निम्म्याहून जास्त आकडा तिथेच संपतो. मग त्यावर लाकडाचं कपाट? ऑफ-रोडरला जास्तीचं वजन चिखलात आणि चढावर लगेच कळतं, आणि घाट उतरताना ब्रेकलाही.

काकांनी शेवटी बारा एमएम मान्य केलं, पण फळ्यांखाली आडव्या लाकडी पट्ट्या मारण्याच्या अटीवर. आणि ते शंभर टक्के बरोबर होते. पातळ प्लाय मधोमध झुकतं. पट्टी लावली की झुकत नाही, आणि तिचं वजन नगण्य. प्लाय वॉटरप्रूफ ग्रेडचं, ७१० मार्कवालं घ्या. ओले बूट, ओला रेनकोट आणि सह्याद्रीतला जुलै यांच्यासमोर साधं प्लाय एका पावसाळ्यात फुगतं.

डिझाइनची खरी गंमत त्या त्रासदायक पायरीत सापडली. पाडलेली सीट उंच, डिकीची जमीन खाली. मग या फरकाएवढ्या उंचीचा बॉक्स डिकीच्या डाव्या बाजूला बसवला तर? बॉक्सचं झाकण आणि सीटची पाठ एका लेव्हलला येतात आणि खालची वाया जाणारी जागा ड्रॉवर होते! वर तीन फळ्या. एक बॉक्सवर, दुसरी पाडलेल्या सीटवर, तिसरी पुढच्या सीटमागच्या पोकळीवर. या तिसरीला खाली दोन घडीचे पाय. तिन्ही फळ्या लांब पियानो बिजागरीने जोडलेल्या. झोपायचं नसेल तेव्हा घडी होऊन बॉक्सला टेकून उभ्या राहतात आणि डावी सीट पुन्हा वर येते. उजवी मागची सीट तर कधी हलतच नाही.

ड्रॉवर डावीकडेच का, तर जिमनीचं मागचं दार वर उघडत नाही, कपाटासारखं बाजूला उघडतं. बिजागऱ्या उजवीकडे, हँडल डावीकडे. कुठल्या तरी भिंतीला चिकटून गाडी लावलीय, दार अर्धंच उघडतंय, तरी डावीकडचा ड्रॉवर बाहेर येतो. उजवीकडे केला असता तर दर वेळी पूर्ण दार उघडा, त्यासाठी गाडी पुढे घ्या... या दाराचा तोटाही सांगते. हॅचबॅकसारखं डोक्यावर छप्पर मिळत नाही. पावसात मागे उभं राहून चहा करायचा तर ताडपत्री वेगळी लागते. आम्ही मेणकापडाचा तुकडा, दोन हुक आणि दोन काठ्यांवर भागवतो.

बॉक्स बांधायचा कशाला, जड तर आहेच की! असं म्हणणारे हमखास भेटतात. शहराच्या स्पीडलाही कचकन ब्रेक मारला की मोबाइल डॅशबोर्डवरून उडतो. टक्कर झाली तर सुटा बॉक्स स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट जोराने पुढे येतो आणि पुढे आपली मानगूट असते. टेम्पोवाले वापरतात तो रॅचेटचा पट्टा घ्या आणि गाडीतल्या मूळ हुकांना आवळून टाका. सीटबेल्टच्या बोल्टला हात लावायचा नाही. फ्लोअरला ड्रिल तर अजिबात नाही. पत्र्याखाली ब्रेकची लाइन आहे की वायरिंग की पेट्रोलची टाकी, हे वरून दिसत नाही. खिडक्यांच्या वरच्या कडेला कपाटं, जाळ्या ठोकू नका, तिथे कर्टन एअरबॅग्ज झोपलेल्या असतात. पाण्याचा कॅन आणि टूल्स सगळ्यात खाली. छतावर काही जड नको. रुंदीपेक्षा उंच असलेल्या गाडीला वरून आणखी ओझं देऊन वळणावर कशाला परीक्षा घ्यायची?

गादी तीन तुकड्यांत करून घेतली, फळ्यांच्या मापाने, तीन इंची कडक फोमची. रेक्झिनचं कव्हर पुसायला सोपं, पण घामाने पाठीला चिकटतं. सुती कव्हर, चेन लावून. एकूण खर्च विचाराल तर प्लाय, मजुरी, चॅनेल-बिजागऱ्या आणि गादी धरून आम्हाला नऊ हजार दोनशे पडले. गादी सोडून सगळं गल्लीतल्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवलं, १९ किलो. काका स्वतः बघायला आले होते.

आता झोपायचं. आणि इथे थट्टा बंद. इंजिन चालू ठेवून एसीत झोपायचं नाही, गाडीत स्टोव्ह किंवा शेगडी पेटवायची नाही, ‘पाचच मिनिटं’सुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, जाग येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकऱ्याला उभ्या असलेल्या एका कॅरव्हॅनमध्ये दोघे मृतावस्थेत सापडले, जनरेटरमधून आलेल्या याच वायूमुळे. आमच्या दोन समोरासमोरच्या काचा नेहमी दोन बोटं उघड्या असतात, वरून रेन व्हायजर आणि आतून मच्छरदाणीचं कापड. हवा खेळली की सकाळी काचा आतून घामाघूम होत नाहीत, हा बोनस. खिडक्या झाकायला चकचकीत इन्सुलेशन शीटचे तुकडे, वर्तमानपत्रावर काचेचा आकार काढून कापलेले. काळ्या फिल्मच्या फंदात पडू नका, तिच्यावर सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्येच बंदी आणली. आमचे तुकडे फक्त गाडी उभी असताना लागतात, निघताना गादीखाली.

एवढं करूनही एप्रिल-मेमध्ये कोकण किनाऱ्यावर गाडीत झोप लागत नाही, यूएसबी पंखा कितीही शूर असला तरी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, घाटमाथा, हा खरा सीझन.

जपानमध्ये गाडीत रात्र काढण्याला ‘शाचूहाकू’ असा स्वतंत्र शब्दच आहे, आणि हायवेलगत स्वच्छ टॉयलेटवाले थांबेही. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण आपल्यासारख्या फळीवाल्यांना अजून तरी भरवसा गावच्या अंगणाचा. जंगल खात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय थांबायचं नाही. गावात उजेडी पोचायचं, पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना सांगायचं, एखाद्या घरी पिठलं-भाकरी सांगायची, तिचे आणि अंगणाचे रीतसर पैसे द्यायचे. गाडीचं तोंड रस्त्याकडे, किल्ली नेहमी एकाच खिशात. ज्या घरी जेवतो त्या घरची आजी रात्री एकदा बॅटरी मारून ‘झोपलीस का गं?’ विचारते, ही सिक्युरिटी कुठलं हॉटेल देतं?

राहता राहिला नवरा. त्याच्यासाठी उजव्या बाजूलाही अशीच फळी करून द्यायला काका तयार आहेत, मापंही घेऊन गेलेत. पण उजव्या बाजूची तिसरी फळी ड्रायव्हरच्या सीटमागे येते आणि ती सीट पुढे सरकवावी लागते. म्हणून मी ऑर्डर थांबवली आहे. त्याला दोन माणसांचा एक छानसा टेंट घेऊन दिलाय. तो गाडीला लागूनच लागतो.