कचरासंकलक असूनही स्मृती का भरते?

जॉन मॅकार्थी यांनी १९६० साली लिस्प भाषेसाठी मांडलेली स्वयंचलित कचरासंकलनाची कल्पना पुढे जावाने सर्वदूर नेली. 'जावात स्मृतिगळती होत नाही' असे अध्यापनात सर्रास सांगितले जाते. ते अर्धसत्य होय. वस्तू उपयोगी आहे की नाही, हे संकलक जाणत नाही. मुळापासून तिच्यापर्यंत संदर्भांची वाट पोहोचते का, एवढेच तो पाहतो. स्टॅटिक हॅशमॅपमध्ये ठेवून विसरलेली नोंद म्हणूनच जिवंत राहते. अशा वेळी जेमॅपने काही अंतराने दोन हीप डंप घ्यावेत, कोणत्या क्लासच्या वस्तू वाढल्या ते पाहावे आणि त्यांच्यापासून मुळापर्यंतची वाट उलट शोधावी. वीकहॅशमॅप हा उपाय सुचविला जातो खरा. परंतु मूल्यानेच आपल्या किल्लीचा दृढ संदर्भ धरला असेल, तर तोही निष्फळ ठरतो.