समुद्रापासून साडेतीनशे किलोमीटरवर: जयनगरहून नऊ आरमारी गोष्टी

जयनगर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचावर. मंगळूरचा किनारा गाठायचा तर साडेतीनशे किलोमीटर आणि वाटेत शिराडी घाट. तरीही इथल्या मराठी माणसानं आरमाराचा इतिहास परका मानू नये. शहाजीराजांच्या जहागिरीपासून तेजस विमानापर्यंत बंगळूरचं आणि दर्याचं नातं पुन्हा पुन्हा जुळत आलं आहे. शाळकरी मुलांना रोज एक सांगावी अशा या नऊ गोष्टी.

१. स्तंभही राजाजींचा, ब्रीदही राजाजींचं

जयनगरची मुहूर्तमेढ १९४८ साली राजाजींच्या, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते रोवली गेली. त्याची खूण म्हणजे आपला अशोकस्तंभ. भारतीय नौदलाचं ब्रीदवाक्य सुचवलं तेही राजाजींनीच. तैत्तिरीय उपनिषदातले ते शब्द वरुणदेवाकडे कल्याण मागतात. नौदलाच्या जहाजांच्या बोधचिन्हांवर माथ्याशी असतात तेही अशोकाचेच सिंह.

२. वडिलांची जहागीर, मुलाचं आरमार

१६३८ साली बंगळूर आदिलशाहीच्या हाती आलं आणि शहाजीराजांकडे सोपवलं गेलं. जानेवारी १६६४ मध्ये याच कर्नाटकात, होदिगेरे इथं शिकारीच्या वेळी त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरात शिवरायांनी मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. फेब्रुवारी १६६५ मध्ये तर महाराज स्वतः जहाजावर चढले. तीन मोठी जहाजं आणि पंच्याऐंशी लहान लढाऊ तारवं गोव्याच्या पोर्तुगीजांसमोरून दक्षिणेला गेली आणि कुंदापूरजवळच्या श्रीमंत बसरूर बंदरावर उतरली. एका दिवसात अलोट संपत्ती हाती लागली. परतताना महाशिवरात्रीला गोकर्णात स्नान झालं. पुढे कारवारच्या इंग्रज व्यापाऱ्यांकडूनही खंडणी वसूल झाली. महाराजांनी जातीनं केलेली ही एकमेव मोठी सागरी स्वारी, आणि ती कर्नाटकाच्या किनाऱ्यावर झाली!

३. भर पावसात दुर्ग

पावसाळ्यात जहाजं बंदरात ओढून ठेवायची आणि नारळी पौर्णिमेनंतर दर्यात लोटायची, ही कोकणची जुनी रीत. १६७९ च्या ऑगस्टमध्ये शिवरायांच्या आरमाराचे सरदार मायनाक भंडारी मात्र भर पावसाळ्यात माणसं घेऊन मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर उतरले आणि तट बांधू लागले. इंग्रजांनी बेटाला वेढा घातला. मराठ्यांच्या चिंचोळ्या, चपळ होड्या रात्री त्यांच्या नाकासमोरून रसद पोचवत राहिल्या. १८ ऑक्टोबरच्या पहाटे मराठी आरमार नागावहून चालून आलं. इंग्रजांचं ‘डव्ह’ जहाज मराठ्यांच्या हाती पडलं. ‘रिव्हेंज’ तेवढं नेटानं झुंजलं आणि त्या दिवशी मराठी तारवांना मागे फिरावं लागलं. बेट मात्र इंग्रजांना घेता आलं नाही आणि १६८० साली त्यांना तह करावा लागला. २८ सप्टेंबर २०१९ रोजी नौदलात दाखल झालेल्या पाणबुडीचं नाव म्हणूनच ‘आयएनएस खांदेरी’. माझगाव गोदीत बांधलेली ही पाणबुडी या नावाची दुसरी. पहिली १९६८ साली आली होती.

४. गुराब आणि गलबत: जोडीची करामत

मराठी आरमाराचं कौशल्य समजून घ्यायचं तर ही दोन जहाजं नीट पाहावीत. गुराब मोठी, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची. तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, बसकी आणि लांब पुढे गेलेली असे. तिथल्या दोन तोफा सरळ समोर मारा करत. गलबत हलकं, शिडाबरोबर चाळीस-पन्नास वल्ह्यांवर पळणारं, उथळ खाडीतही सहज शिरणारं. युरोपीय जहाजांच्या बहुतेक तोफा दोन्ही कुशींना असत, पिछाडी कमजोर. म्हणून वारा पडायची वाट पाहायची. मोठं जहाज जागीच खिळलं, की गलबतांनी गुराबींना दोर लावून त्याच्या पिछाडीला ओढत न्यायचं. नाळेवरच्या तोफांनी शिडं आणि डोलकाठ्या फोडायच्या. जहाज लुळं पडलं, की गलबतांतले लोक तलवारी उपसून चढलेच. वारा नसणं ही इतरांची अडचण, मराठी तांडेलांची तीच संधी.

५. दोन सत्ता, एक सरखेल

१७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून गेले. कमोडोर मॅथ्यूजच्या हाताखाली इंग्लंडच्या राजाच्या आरमाराची चार जहाजं होती. मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, कान्होजी आंग्रे डगमगले नाहीत, त्यांच्या मदतीला बाजीराव पेशवे धावून आले आणि मोहीम फसली. मुंबईतल्या नौदल तळाला १९५१ साली ‘आयएनएस आंग्रे’ हे नाव मिळालं, ते या पराक्रमाला शोभणारंच.

६. विजयदुर्गची जखम

ही गोष्ट सांगताना आजही वाईट वाटतं. कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे आणि नानासाहेब पेशवे यांचं बिनसलं आणि पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनची जहाजं विजयदुर्गासमोर आली. जमिनीवरच्या फौजेचा प्रमुख होता रॉबर्ट क्लाइव्ह. बंदरात ‘रिस्टोरेशन’ हे आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच पकडलेलं जहाज उभं होतं. त्यावर तोफगोळा पडून आग लागली आणि ती शेजारच्या जहाजांवर पसरत गेली. पिढ्यांनी उभं केलेलं आरमार पाहता पाहता जळालं. पुढच्याच वर्षी हेच वॉटसन आणि क्लाइव्ह बंगालमध्ये होते आणि प्लासी घडली. घरच्या भांडणात परक्याला बोलावण्याची किंमत पुढे साऱ्या देशानं मोजली.

७. म्हैसूरच्या युद्धात धुळपांची धडक

एप्रिल १७८३. जनरल मॅथ्यूज (कुलाब्यावर आला तो नव्हे) टिपूविरुद्ध बिदनूरच्या मुलखात लढत होता. त्याच्या सैन्यासाठी बडे अधिकारी घेऊन ‘रेंजर’ हे जहाज मुंबईहून निघालं. ८ एप्रिलला पेशव्यांचे आरमारप्रमुख आनंदराव धुळप यांच्या ताफ्याशी त्याची गाठ पडली. काही तास घनघोर लढाई झाली आणि ‘रेंजर’ मराठ्यांच्या हाती आलं. कर्नल मॅक्लाउड जखमी झाला, कर्नल हंबरस्टन पुढे जखमांनी दगावला. मराठे आणि इंग्रज यांच्यात सालबाईचा तह झालेला असल्यानं कैदी नंतर सोडले गेले. तिकडे मॅथ्यूजनंही थोड्याच दिवसांत टिपूपुढे शस्त्रं खाली ठेवली.

८. बंगळूरचा विजेता, मुंबईचं जहाज

लॉर्ड कॉर्नवॉलिसनं मार्च १७९१ मध्ये बंगळूरचा किल्ला घेतला. त्याच्या नावाचं ७४ तोफांचं जहाज १८१३ साली मुंबईच्या गोदीत तयार झालं. मुंबईला जहाजं बांधायची ती वाडिया घराण्यानं, आणि सागवान मलबारचं. ओकच्या लाकडातल्या आम्लानं लोखंडी खिळे गंजतात. सागाचं तेल मात्र खिळ्यांना सांभाळतं, म्हणून ही जहाजं दीर्घायुषी. १८४२ साली चीनला हाँगकाँग सोडायला लावणारा नानकिंगचा तह याच ‘कॉर्नवॉलिस’वर झाला. जहाज मोडीत निघालं ते थेट १९५७ मध्ये. त्याचं धाकटं भावंड ‘ट्रिंकोमाली’ १८१७ साली मुंबईतच बांधलेलं. ते इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आजही पाण्यावर तरंगतं आहे.

९. ‘म्हैसूर’ नावाची रणरागिणी, आणि बंगळूरचं तेजस

दुसऱ्या महायुद्धात माल्टाला रसद पोचवताना इटालियन पाणबुडीचा टॉर्पेडो झेलून तगलेली ‘नायजेरिया’ ही ब्रिटिश क्रूझर भारतानं घेतली आणि ऑगस्ट १९५७ मध्ये ती ‘आयएनएस म्हैसूर’ झाली. तिच्या चिन्हावर म्हैसूरचा दोन डोक्यांचा गंडभेरुंड, आणि कधीही न भिण्याचं तिचं ब्रीद पुन्हा तैत्तिरीय उपनिषदातलंच. डिसेंबर १९६१ मध्ये गोवामुक्तीच्या वेळी कारवारसमोरच्या अंजदीव बेटाच्या कारवाईत ती होती. १९७१ च्या युद्धात ती पश्चिमी ताफ्याची ध्वजनौका होती.

आता नावापाठोपाठ बंगळूरचं विमानही दर्यापर्यंत पोचलं आहे. इथंच घडवलेलं नौदलासाठीचं तेजस ११ जानेवारी २०२० रोजी ‘आयएनएस विक्रमादित्य’ या विमानवाहू नौकेवर उतरलं. डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी तारेत विमानाचा आकडा अडकवून धावतं विमान थोडक्या अंतरात थांबवायचं, असं हे अवघड काम. वैमानिक होते कमोडोर जयदीप मावळंकर. बसरूरच्या स्वारीनंतर साडेतीनशे वर्षांनी मराठी माणूस बंगळूरचं विमान घेऊन दर्यावर उतरला. साग घाटातल्या रानात वाढतो, विमान पठारावरच्या कारखान्यात घडतं, तेव्हा कुठं किनारा राखला जातो. ४ डिसेंबरच्या नौदल दिनी जयनगरच्या मुलांना हे आवर्जून सांगा, कारण त्या दिवसावर त्यांच्या गावाचाही हक्क आहे.