गणिताच्या पुस्तकाचा वाचक कुठे आहे?

कादंबरीवर मत द्यायला चार जण लगेच सरसावतात. गणिताच्या पुस्तकाचा विषय निघाला की मात्र दोनच मतं ऐकू येतात. एक, ‘किती सोपं करून सांगितलंय!’ आणि दुसरं, ‘आपल्याला नाही बुवा झेपत.’ दोन्ही मतं बहुधा हातात पेन्सिल न घेता दिलेली असतात. मराठीत गणिताच्या वाचनीय पुस्तकांचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो उदाहरण सोडवून मग बोलणाऱ्या वाचकाचा.

भाईंदर पूर्वेचं खारी गाव घ्या. अशा उपनगरी वस्तीत गणिताचं पुस्तक म्हणजे शालेय साहित्याच्या दुकानात मिळतं ते: अंकलिपी, बालभारतीचं पाठ्यपुस्तक, नवनीतचं डायजेस्ट. इथल्या पालकाची कसोटी सरळ असते. यातलं परीक्षेत येतं का? येत असेल तर पुस्तक चांगलं. त्यात सेमी-इंग्रजीमुळे मुलं गणित इंग्रजीतून शिकतात. आजोबांना पावकी, दिडकी, औटकी तोंडपाठ आणि नातवाला ‘फ्रॅक्शन’ कळतं, ‘अपूर्णांक’ अडतो. मराठी गणित-पुस्तकाचा सर्वांत उत्साही वाचक असा वयाच्या दहाव्या वर्षीच हातचा जातो.

परंपरा मात्र उलट सांगते. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ 1150 साली पूर्ण केली. पुढे कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 1545 मध्ये तिच्यावर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली. ही टीका म्हणजे एका जाणत्या वाचकाचं लेखी मतच आहे. त्यांनी नुसतं कौतुक केलं नाही, तर सूत्रांच्या उपपत्ती दिल्या; नियम का चालतो ते दाखवलं. पण आज ‘लीलावती’चं नाव काढलं की आठवतं काय? घटिकापात्रात पडलेला मोती, टळलेला मुहूर्त आणि मुलीच्या समाधानासाठी लिहिलेला ग्रंथ. ही कथा भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. अकबराच्या दरबारातल्या फैजीने 1587 मध्ये केलेल्या फारसी अनुवादाबरोबर ती पसरली. वाचकांनी गोष्ट ठेवली, गणित सोडून दिलं.

आजच्या लोकप्रिय पुस्तकांच्या वाट्यालाही हेच येतं. अच्युत गोडबोले आणि माधवी ठाकूरदेसाई यांचं ‘गणिती’ हे पुस्तक थोर गणितज्ञांची आयुष्यं सांगतं. वाचक ते गोष्टीसारखं वाचतात आणि समीकरण दिसलं की पुढच्या परिच्छेदावर उडी मारतात. जयंत नारळीकरांचं ‘गणितातील गमतीजमती’ आणि मंगला नारळीकरांचं ‘गणितगप्पा’ यांची वाट वेगळी आहे. तिथे कोडं हेच मुख्य पात्र. अशा पुस्तकांवर दोन बाजूंनी तक्रार होते. शिक्षक म्हणतात, अभ्यासक्रमाला उपयोग नाही. हौशी वाचक म्हणतो, गंमत फार, खोली कमी. माझ्या मते दुसरी तक्रार विचारात घ्यावी, पहिली सोडून द्यावी. अभ्यासक्रमासाठी पाठ्यपुस्तक आहेच.

पाठ्यपुस्तकावर महाराष्ट्राने हिरिरीने मत दिल्याचं उदाहरण म्हणजे 2019. दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असं वाचनही आलं. आपण संख्या लिहिताना दशक आधी लिहितो, बोलताना एकक आधी उच्चारतो. त्यातून लहान मुलांचा गोंधळ होतो. शिवाय जोडाक्षरांनी भरलेली संख्यानावं त्यांना जड जातात. म्हणून हा पर्याय, असं गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर सांगत होत्या. गदारोळ मात्र ‘मराठी बुडाली’ असा झाला. विनोद झाले, विषय विधानसभेत गेला. जुनी नावंही पुस्तकात कायम होती, एवढं पाहण्यासाठी ते उघडावं लागत होतं. बदलाला विरोध करणं गैर नव्हतं. जुन्या संख्यानावांवर पाढ्यांची लय उभी आहे, हा आक्षेप वजनदारच होता. पण तो थट्टेच्या गलबल्यात बुडाला. मंगलाताई 2023 मध्ये गेल्या. तो वाद शांतपणे मांडायचा अजून राहिलाच आहे.

दुसऱ्या टोकाला वैदिक गणित. भारती कृष्णतीर्थांचं पुस्तक त्यांच्या निधनानंतर 1965 मध्ये आलं आणि त्याचा चाहतावर्ग अजून मोठा आहे. 35 चा वर्ग? तीन गुणिले चार बारा, पुढे 25 लिहा: 1225. मूल खूश, पालक थक्क. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले गणितज्ञ श्री. गो. दाणी यांनी मात्र यातली सूत्रं वेदांत सापडत नाहीत आणि हे गणिताचं शिक्षणही नव्हे, असं ठामपणे मांडलं. युक्ती खरी आहे, पण ती का चालते? 5 ने संपणाऱ्या संख्येतलं दशक अ मानलं तर तिचा वर्ग 100 × अ × (अ + 1) + 25 होतो, म्हणून. एवढी एक ओळ जो वाचक मागतो, त्याच्या मताला किंमत.

असा वाचक काय करू शकतो, याचे दोन दाखले 1975 या एकाच वर्षातले आहेत. भाईंदरहून पश्चिम रेल्वेने उत्तरेला गेलं की डहाणू लागतं. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर 1905 मध्ये तिथे जन्मले आणि देवळालीला शाळामास्तर झाले. डोंबिवली स्थानकावर सुचलेल्या संख्यांना त्यांनी ‘डेम्लो’ नाव दिलं. स्वतः पुस्तिका छापल्या. पंडितांनी त्या फारशा मनावर घेतल्या नाहीत. मार्च 1975 मध्ये मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि त्यांना सापडलेली 6174 ही संख्या जगभर पोहोचली. त्याच सदरात जुलैमध्ये पंचकोनी फरश्यांनी जमीन कशी भरता येते, यावर लेख आला. शाळेपुरतंच गणित शिकलेल्या मार्जोरी राइस या अमेरिकन गृहिणीने तो वाचला, स्वयंपाकघरात आकृत्या काढल्या आणि गणितज्ञांच्या यादीत नसलेले चार नवे प्रकार शोधले. गणिताच्या लेखाला वाचकाने दिलेला याहून चोख अभिप्राय मला ठाऊक नाही.

तेव्हा या दिवाळीच्या सुट्टीत एक करा. चारही अंक सारखे नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्या. समजा 3524. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा: 5432 वजा 2345, म्हणजे 3087. पुन्हा तेच केलं की 8352, आणि मग 6174. फार तर सात पायऱ्यांत तुम्हीही तिथेच पोहोचाल. मग घरातलं गणिताचं एखादं पुस्तक काढा, त्यातलं एक तरी उदाहरण कागदावर सोडवा आणि त्यानंतरच ते पुस्तक बरं की वाईट ते सांगा. आवडलं नाही तरी लेखकाला कळवा. ते मत पेन्सिलीने कमावलेलं असेल.